फड मोडू न देणं : समर्थांचं राजकारण आणि आपली टीम

आजचं वाचन : दासबोध, दशक ११, समास ५ (राजकारण निरूपण). जोडीला दशक २ मधले समास १ आणि १०.

जय जय रघुवीर समर्थ.

मंडळी, ऑफिसात आपण 'राजकारण' हा शब्द ज्या अर्थानं वापरतो तो अर्थ डोक्यात ठेवून आजचा समास उघडला तर सुरुवातीलाच गोंधळ होतो. आपल्याकडे 'त्या टीममध्ये फार राजकारण आहे' म्हणजे तिथं कानभरणी आहे, साहेबाच्या पुढे पुढे करणं आहे, दुसऱ्याचं श्रेय आपल्या नावावर लावणं आहे. समर्थ मात्र हरिकथेच्या लगेच खाली, दुसऱ्या क्रमांकावर राजकारण ठेवतात. तिसरं सावधपण आणि चौथा साक्षेप, म्हणजे नेटानं केलेला प्रयत्न. हे चार एकाच दमात सांगितले आहेत. त्या काळच्या मराठीत राजकारण म्हणजे माणसं जोडण्याची, बोलणी करण्याची, पुढचं ओळखून पावलं टाकण्याची कामगिरी. तेव्हा आजचा समास हा कटकारस्थानांचा पाठ नाही. ज्याला दहा माणसं सोबत घेऊन काम न्यायचं आहे त्याच्यासाठी तो आहे. माझ्यासारखे रोज सकाळी दहाच्या स्टँडअपला बसणारे त्यात आलेच.

ओव्या इथे उतरवून देत नाही. ग्रंथ समोर उघडून ठेवा, समास छोटा आहे, दहा मिनिटांत वाचून होतो.

साक्षेप सांगून झाल्यावर समर्थ पहिली गोष्ट सांगतात ती लोकांचे आक्षेप फेडण्याची. 'फेडणे' हे क्रियापद मला फार महत्त्वाचं वाटतं. कर्ज फेडतात, नवस फेडतात. फेडायचं म्हणजे ते आपल्यावर देणं आहे असं आधी मान्य करायचं. आपल्याकडे मीटिंगमध्ये आक्षेप आला की आपण तो 'पार्क' करतो. 'हे आपण नंतर बघू' म्हणतो आणि ते नंतर कधी येत नाही. हे न फेडलेलं देणं वर्षभर साठत जातं आणि एखाद्या शुक्रवारी रात्री, रिलीज फसलं की व्याजासकट बाहेर येतं. त्या रात्रीच्या भांडणाचा विषय वरवर बघितला तर अगदी किरकोळ असतो. कोणीतरी कोणाला न विचारता मर्ज केलेलं असतं, एवढंच.

त्यानंतर येते दुसऱ्याचं अंतर जाणण्याची गोष्ट. मग उदासीन राहण्याची, नीतिन्यायापासून ढळू न देण्याची. पुढे अजून काही ओव्या गेल्या की एक शब्द येतो, फड. फड नासू देऊ नये, आलेला प्रसंग सावरून घ्यावा, कुठल्याही एका मुद्द्यावर फार वाद घालत बसू नये, असा तिथला आशय आहे.

फड हा शब्द आपल्या जालना जिल्ह्यात पुस्तकात शोधायची गरज नाही. अंकुशनगर, तीर्थपुरीकडे ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की रोज कानावर पडतो. फडात पाच-दहा कोयते असतात, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यांच्यात भांडणं होत नाहीत असं कोणी म्हणू नये. पाण्यावरून होतात, वाढ्यावरून होतात, कोणाच्या पट्ट्यात ऊस आडवा पडलाय त्यावरून होतात. पण गाडी भरून कारखान्यावर जायची असते. भांडणात फड बसला तर दोघांचीही मजुरी बुडते आणि घेतलेली उचल तशीच अंगावर राहते. म्हणून शहाणा मुकादम भांडण कोण जिंकलं हे ठरवायच्या मागे लागत नाही, आधी मोळ्या बांधायला लावतो आणि संध्याकाळी कोपीवर जाऊन दोघांशी वेगवेगळं बोलतो. (सगळेच मुकादम शहाणे नसतात, हेही खरं. उचलीच्या हिशोबात माणसं कशी नाडली जातात ते आपण सगळे बघतोच. पण तो विषय वेगळा.) समर्थ मूळचे आपल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. शके १५३० म्हणजे १६०८ च्या रामनवमीचा त्यांचा जन्म. त्यामुळे हा शब्द त्यांच्या तोंडून वाचताना मला उगाच घरचं कोणी बोलतंय असं वाटतं.

आता एक प्रसंग सांगतो. कंपनीचं नाव, माणसांची नावं सांगत नाही, त्यांची गरजही नाही.

मी जालन्यात घरून काम करतो, टीम पुण्यात आहे. आमच्या टीममध्ये दोन सीनियर. एकानं नऊ वर्षांपूर्वी बिलिंगची सगळी सिस्टीम उभी केलेली. दुसरा दोन वर्षांपूर्वी दुसरीकडून आलेला, हुशार, हाताला वेग. जुन्याचं म्हणणं, आहे ते चालतंय, ठिगळ लावा आणि पुढे चला. नव्याचं म्हणणं, ठिगळावर ठिगळ किती दिवस, हे सगळं नव्यानं लिहा. वाद खरा होता आणि दोन्ही बाजूंना तथ्य होतं. असा वाद टीममध्ये असणं मला वाईट वाटत नाही, किंबहुना तो नसेल तर कोणी डोकं चालवत नाही असं समजावं.

बिघडलं ते पुढे. अंबड तालुक्यातला एक मुलगा आमच्याकडे नवीन लागला होता. बापाची मोसंबीची बाग २०१२-१३ च्या दुष्काळात वाळून गेली, ती पुन्हा उभी राहिलीच नाही. शिक्षणाचं कर्ज, घरात हा एकटा पगारवाला. त्याला इन्व्हॉइसच्या राउंडिंगचा बग दिला. नव्या सीनियरनं सांगितलं, असं असं कर. त्यानं तसं केलं, रिव्ह्यूला टाकलं. चौदा फायलींचा बदल होता. जुन्या सीनियरची पहिली कॉमेंट सातव्या मिनिटाला आली आणि पुढच्या अर्ध्या तासात तीसेक कॉमेंट्स. सगळ्यांचा सूर एकच, हे उलट फिरव. मुलानं उलट फिरवलं. मग नव्यानं लिहिलं, कोणी सांगितलं उलट फिरवायला? असं अकरा दिवस चाललं. वाद दोघांचा, आणि कागदावर काम मात्र याचं अडकलेलं. शेवटी कोणीतरी घाईनं ते मर्ज केलं, शुक्रवारी रात्री प्रॉडक्शनला काही बिलं चुकली आणि ग्रुपवर जुन्या सीनियरनं लिहिलं, 'हे ज्याचं आहे त्यानं उत्तर द्यावं.'

ग्रुपमध्ये अकरा जण. अकराही जणांनी ते वाचलं, तसं दिसत होतं. एकानं अंगठा दाखवला. कशाला अंगठा, ते त्याचं त्यालाच माहीत.

इथे दशक २ चा पहिला समास काढा. मूर्खलक्षणांचा. तो आपण लहानपणापासून हसत हसत ऐकलेला असतो, पण ऑफिसात बसून वाचला की हसू येत नाही. त्यात एक मूर्ख असा आहे की समोर भांडण चाललंय, हा उभा राहून बघतोय, सोडवत नाही, उलट त्याला मौज वाटते, आणि खरं काय ते ठाऊक असताना खोटं चालू देतो. बघा, भांडणाऱ्या दोघांना समर्थांनी इथे मूर्ख म्हटलेलं नाही. बघणाऱ्याला म्हटलं आहे. त्याच समासात आणखी एक आहे, घरी याला सगळा विवेक सुचतो आणि सभेत मात्र हा लाजतो, शब्द फुटत नाही. आमच्या अकरा जणांतले चार-पाच नंतर फोनवर मला म्हणाले की 'चूक त्या पोराची नव्हतीच रे.' सगळ्यांना माहीत होतं.

आणि दशक २ चाच दहावा समास, पढतमूर्ख. शिकलेला मूर्ख. पूर्ण ग्रंथ न बघता जो त्याला दोष देतो तो पढतमूर्ख, असं एक लक्षण तिथे आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी कोड रिव्ह्यू नव्हता, पण चौदा फायलींच्या बदलावर सातव्या मिनिटाला निकाल देणारा माणूस होता एवढं नक्की. मी स्वतःपुरता एक नियम केला आहे, दुसऱ्याचं काम शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पहिली कॉमेंट लिहायची नाही. वेळ जास्त जातो. पण निम्म्या कॉमेंट्स लिहायची गरजच राहत नाही, कारण तिसऱ्या फायलीत पडलेल्या प्रश्नाचं उत्तर अकराव्या फायलीत असतं.

त्या रात्री साडेअकराला मुलाचा मला फोन आला. "दादा, मला नाही जमायचं हे. सोमवारी राजीनामा टाकतो."

मी विचारलं, "घरी काय सांगशील?"

"तेच तर कळू नाही राहिलं. पण रोज छातीत धडधड होऊ राहिली. मी कोणाचं ऐकू ते तरी सांगा."

शेवटचं वाक्य फार बरोबर होतं. कोणाचं ऐकायचं हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. ते त्यानं ठरवायचं नव्हतंच.

मी ग्रुपवर दोनच ओळी लिहिल्या. हा बदल दोन वेगवेगळ्या सूचनांवरून दोनदा उलटसुलट झाला आहे, त्याच्या नोंदी रिव्ह्यूमध्ये आहेत, तेव्हा उत्तर एकट्यानं द्यायचं नाही, सोमवारी सगळे मिळून बघू. बस. कोणावर आरोप केला नाही. आधी बिलं दुरुस्त करून घेतली, त्याला रात्रीचे दोन वाजले.

शनिवारी दोघांना वेगवेगळा फोन केला. इथे आजच्या समासातलं 'अंतर जाणणं' कामाला आलं. समोरच्याच्या मनात काय आहे हे सगळ्यांसमोर विचारून कळत नाही. जुना सीनियर तासभर आर्किटेक्चरवरच बोलत होता. शेवटी म्हणाला की वरच्या साहेबांनी त्याला सांगितलंय, नवी सिस्टीम आली की बिलिंगला इतकी माणसं लागणार नाहीत. म्हणजे त्याच्या दृष्टीनं त्या चौदा फायली म्हणजे त्याच्या टीमच्या नोकऱ्या होत्या. नव्याची गोष्ट उलटी. आधीच्या कंपनीत ठिगळं लावत लावत एक दिवस सगळं कोसळलेलं त्यानं बघितलं होतं आणि तेव्हा सहा महिने शनिवार-रविवार नव्हते. तो त्याच भीतीनं घाई करत होता. दोघंही भ्यालेले, आणि दोघांची भीती तिसऱ्याच्या अंगावर निघत होती.

सोमवारी आम्ही तिघं-चौघं बसलो. कोण बरोबर हे ठरवलं नाही. तीन गोष्टी एका पानावर लिहिल्या : पुढचे सहा महिने बिलिंगमध्ये काय जुनंच राहील, काय नव्यानं लिहायचं, आणि सूचना दोन तोंडांनी आल्या तर शेवटचा शब्द कोणाचा. साहेबांनी त्यावर होकार दिला. राउंडिंगच्या बगला जुन्या पद्धतीनं दुरुस्त केलं, म्हणजे त्या मुलाचं दुसऱ्यांदा लिहिलेलंच वापरलं.

मुलगा टिकला. त्यानं राजीनामा दिला नाही. ते दोघं मित्र वगैरे झाले नाहीत, आजही चहाला वेगवेगळे जातात. पण मधे तिसऱ्याला उभं करत नाहीत, आणि मला वाटतं टीमकडून एवढी अपेक्षा पुरे आहे. सगळ्यांनी एकमेकांवर प्रेम करावं वगैरे कंपन्यांच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. समर्थ तर समुदायाचं बरं आणि वाईट दोन्ही सोसायला सांगतात. वाईटही असणार हे त्यांनी धरूनच चाललंय.

आता एक शंका येते, ती टाळून पुढे जाणं बरं नाही. आजच्याच समासात समर्थ म्हणतात, लोकांचे लहानमोठे अन्याय क्षमा करत जावेत, दोष दिसले तरी झाकावेत. आणि मूर्खलक्षणात म्हणतात, खरं माहीत असून खोटं सोसणारा मूर्ख. मग नेमकं करायचं काय, सोसायचं की बोलायचं?

मी यावर बरेच दिवस विचार केला आहे आणि मला जे पटलं ते सांगतो, तुम्हाला वेगळं वाटलं तर तसं. क्षमेचा उपदेश कोणाला आहे ते बघा. जो समुदाय चालवतो त्याला आहे, आणि त्याच्याविरुद्ध झालेल्या आगळिकीबद्दल आहे. कोणी मला मीटिंगमध्ये टाकून बोललं, माझं श्रेय घेतलं, ते मी सोडून देऊ शकतो, तो माझा अधिकार आहे. पण अंबडच्या मुलावर झालेला अन्याय मी क्षमा करणारा कोण? तो क्षमा करायचा हक्क त्याचा. तिथे मी गप्प बसलो तर ती क्षमा होत नाही, ते कौतुक बघणं होतं. शिवाय त्याच समासात नीतिन्यायाला अंतर पडू देऊ नये असंही सांगितलंच आहे, क्षमा त्या कुंपणाच्या आतली. म्हणून कोणी साहेब हाताखालच्या बाईला त्रास देत असेल आणि वर आपल्याला 'समजून घ्या, सांभाळून घ्या' म्हणत असेल तर तिथे दासबोधाचा हवाला देऊन गप्प बसू नये. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समिती असावीच लागते, तिच्याकडे जावं.

दुसरी एक गोष्ट. काही जणांना दशक १९ चा नववा समास तोंडपाठ असतो, जशाला तसा भिडवण्याचा. ऑफिसात भांडून आले की अभिमानानं सांगतात, 'समर्थांनीच सांगितलंय, उद्धटाशी उद्धट व्हा.' नीट वाचा. समर्थ धन्याला उद्धट व्हायला सांगत नाहीत, तोलाचा दुसरा समोर उभा करायला सांगतात, आणि हे सगळं घडताना धनी कुठे दिसतही नाही असा त्याचा शेवट आहे. स्वतः आरडाओरडा करून मग त्या समासाचं नाव सांगणं म्हणजे ग्रंथ अर्धा वाचणं, म्हणजे पुन्हा पढतमूर्खाच्या समासात यावं लागणार.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की ग्रंथात सगळं छान आहे, समर्थांच्या स्वतःच्या शिष्यांत असं भांडण झालं असतं म्हणजे कळलं असतं. झालं होतं. आणि ते लपवायचं काही कारण नाही, उलट मला या विषयावर त्याच्याइतकं शिकवणारं दुसरं उदाहरण माहीत नाही.

शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. मागे काय होतं? चाफळचं राममंदिर, जे १६४८ मध्ये उभं राहिलं. सज्जनगडचा मठ. गावोगावचे मठ, मारुतीची देवळं, उत्सवांना लागणारं धान्य-पैसा, सनदा, भांडीकुंडी, वस्त्रं. म्हणजे मोठी संस्थाच. आणि सगळं ज्या एका माणसाच्या शब्दावर चालायचं तो माणूस गेला. काही महिन्यांच्या आत तंटा उभा राहिला. एका बाजूला उद्धव गोसावी, ज्यांना परंपरेत समर्थांचे पहिले शिष्य मानतात, टाकळीपासूनचे. दुसऱ्या बाजूला गडावरची व्यवस्था ज्यांच्याकडे सोपवली होती ती मंडळी, आणि चाफळचा कारभार बघणारे दिवाकर गोसावी, ज्यांना समर्थांनी काय ठरवून दिलं होतं ते ठाऊक होतं. वाद मठाच्या वस्तूंचा, पैशाचा, हक्काचा.

गोष्ट इतकी वाढली की ती छत्रपती संभाजी महाराजांपर्यंत गेली. १६८२ सालचं महाराजांचं याबद्दल सज्जनगडच्या अंमलदाराला गेलेलं पत्र आहे. वेळ कोणती ते लक्षात घ्या. राज्याभिषेक होऊन जेमतेम दीड वर्ष, औरंगजेब दख्खनेत उतरलेला, जंजिऱ्याच्या सिद्दीशी झुंज चाललेली. त्यात गोसाव्यांच्या भांड्याकुंड्यांचं भांडण. तरी महाराजांनी त्यात लक्ष घातलं, आणि त्यांनी दिलेला निकाल मला कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकापेक्षा जास्त आवडतो. त्यांनी नवीन काही ठरवलं नाही. आशय असा की स्वामींनी जाण्याआधी जी आज्ञा केली होती तसंच चालवावं, आता नव्यानं कटकट होऊ देऊ नये.

यात बघण्यासारखं बरंच आहे. महाराजांकडे सत्ता होती, ते दोघांचा हिशोब मिटवण्यासाठी निम्मं-निम्मं करू शकले असते. आपले साहेब लोक नेहमी हेच करतात, थोडं याचं थोडं त्याचं, आणि त्यातून जो तिसरा विचित्र प्रकार जन्माला येतो तो कोणालाच चालवता येत नाही. महाराजांनी आधीचा निर्णय काय होता ते शोधलं. आधीचा निर्णय होता, आणि तो माहीत असलेला विश्वासाचा माणूस होता, म्हणून ते शक्य झालं. आपल्या टीममध्ये किती निर्णय असे असतात की ज्यानं घेतला तो नोकरी सोडून गेल्यावर 'असं का केलं होतं' हे सांगणारा कोणी उरत नाही? मग प्रत्येकजण आपापल्या आठवणीतून भांडतो. आमच्या बिलिंगच्या भांडणात त्या एका पानानं जे काम केलं ते हेच. पान लिहायला चाळीस मिनिटं लागली, त्याआधीचे अकरा दिवस ते नव्हतं.

उद्धव गोसावींकडे मात्र मी खलनायक म्हणून बघू शकत नाही. पहिल्या दिवसापासून सोबत असलेला माणूस. बालपणापासून गुरूच्या शब्दावर एका ठिकाणी राहून मठ सांभाळलेला. गुरू गेल्यावर त्याला वाटलं असेल की आपलं काही स्थान आहे की नाही. हे माझं अनुमान आहे, पण नऊ वर्षं एकच सिस्टीम सांभाळलेल्या आमच्या सीनियरचा शनिवारचा फोन ऐकल्यापासून मला हे अनुमान फार दूरचं वाटत नाही. जुन्या माणसाला त्याचं स्थान कोणीतरी तोंडानं सांगावं लागतं.

आणि तिकडे कल्याणस्वामी. ज्यांच्या हातानं दासबोध कागदावर उतरला, त्यांच्याइतका हक्क सांगायला जागा कोणाला होती? ते परांड्याकडे डोमगावला आपल्या मठात राहिले. गादीच्या भांडणात ते नाहीत.

गडावर रोजचं काम कोणी केलं तर अक्कास्वामींनी. त्या आणि दिवाकर गोसावी यांनी समाधीवरचं राममंदिर उभं केलं, उत्सव चालू ठेवले. १७०० मध्ये मोगलांनी गड घेतला तेव्हा अक्कांनी मूर्ती सुरक्षित ठिकाणी नेल्या असं परंपरा सांगते. गड परत मिळाल्यावर त्या पुन्हा आल्या. पुढे शाहू महाराजांच्या काळात समर्थांचे थोरले भाऊ, ज्यांना आपण श्रेष्ठ म्हणतो, त्यांच्या वंशातले गंगाधर स्वामी यांना आपल्या जांबहून नेऊन गादीवर बसवलं गेलं आणि व्यवस्था मार्गी लागली. म्हणजे १६८२ पासून मोजलं तर पाव शतकाहून जास्त काळ गेला. एवढी वर्षं उत्सव बंद पडला नाही तो वाद घालणाऱ्यांमुळे नव्हे. प्रत्येक टीममध्ये एक अक्का असते, जी कोण कोणाशी बोलत नाही याकडे लक्ष न देता सकाळी बिल्ड हिरवा आहे का ते बघते. अप्रेझलमध्ये तिचं नाव शेवटी येतं. तुमच्या हातात अप्रेझल असेल तर यावेळी वर घ्या.

आजच्या वाचनावर करायचं काही असेल तर एवढं. तुमच्या टीममध्ये असा एखादा आक्षेप आठवा जो कोणीतरी दोन-तीनदा मांडला आणि प्रत्येक वेळी 'नंतर बघू' झालं. उद्या त्या माणसाला एकट्याला फोन करा. उपाय सांगायला नको, फक्त विचारा की तुझं म्हणणं मला पुन्हा सांग. आणि ऐकताना मधे बोलू नका. हे सोपं वाटतं, पण पंधरा मिनिटं मधे न बोलणं आमच्या धंद्यातल्या लोकांना फार जड जातं. मी फोन म्यूट करून ठेवतो.

घरीही करता येईल. सासू-सून, भाऊ-भाऊ, बांधाचं भांडण, फड तिथेही आहेच.

उद्या समास सहावा, महंतलक्षण. त्याची सुरुवातच शुद्ध लिहिण्यापासून आणि लिहिलेलं तपासण्यापासून होते, तेव्हा आजच्या त्या एका पानाचा विषय तिथून पुढे नेऊ.

जय जय रघुवीर समर्थ.